आइस्क्रीम यंत्र, आठ महिन्यांनंतर: सगळे ठीक, पण तो थर

गेल्या महिन्यात एका सकाळी फ्रीझर उघडला, तेव्हा आइस्क्रीम यंत्राच्या भांड्याखाली निळसर द्रवाचा गोठलेला ओघळ दिसला. भांड्याच्या दुहेरी भिंतींत भरलेले शीतद्रव्य बुडाजवळच्या सांध्यातून बाहेर आले होते. भांडे आधी फ्रीझरमध्ये गोठवून मग वापरायचे, असे हे यंत्र आहे. त्याचा आकार, क्षमता आणि मोटरची शक्ती यांविषयी पुरेसे लिहिले गेले असल्यामुळे मी त्यात पडत नाही. ही गळती झाली नसती तरी मी कधी ना कधी हा अनुभव लिहिलाच असता, कारण माझी खरी तक्रार गळतीची नसून भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटून राहणाऱ्या थराची आहे.

यंत्राचे पाते भिंतीला टेकत नाही; दोघांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट राहते. ओतलेले मिश्रण सर्वांत आधी भिंतीलगत गोठते, आणि पाते ते खरवडून काढत नसल्यामुळे तेथे दगडासारखा थर धरतो. मध्यभागी आइस्क्रीम तयार झाले की ते वाडग्यात काढून घ्यायचे आणि मग हा थर सिलिकॉनच्या स्पॅच्युलाने उकरत बसायचे, हा कार्यक्रम ठरलेला. धातूचा चमचा वापरू नये असे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापले आहे, आणि सिलिकॉनला तो थर दाद देत नाही. पहिल्या महिन्यात मी हट्टाने वजन केले: ८०० ग्रॅम मिश्रणापैकी ११० ग्रॅम भिंतीवरच राहिले होते. साय, दूध, अंड्यांचे पिवळे बलक आणि व्हॅनिलाची शेंग एवढे सगळे घालून केलेल्या पदार्थाचा जवळजवळ सातवा हिस्सा नळाखाली सोडून द्यायचा, हे माझ्यासारख्या दुधाच्या पिशवीतला शेवटचा थेंबही पाणी घालून विसळून घेणाऱ्या माणसाला झेपणारे नाही.

नुकसान केवळ वजनाचेही नाही. धातूपेक्षा बर्फातून उष्णता फार हळू वाहते, त्यामुळे एकदा थर धरला की उरलेल्या मिश्रणापर्यंत भांड्याचा गारवा पोहोचेनासा होतो. गोठणे लांबते, बर्फाचे स्फटिक मोठे होत जातात आणि सुमारे ५० मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या) पुढे गेले की ते जिभेला कणीदार लागू लागतात. हाताने फिरवायच्या आइस्क्रीम यंत्राचे पेटंट नॅन्सी जॉन्सन यांनी अमेरिकेत १८४३ साली घेतले. थंड भिंत आणि आत फिरणारे पाते हे तत्त्व तेव्हापासून चालत आले असताना दोन मिलिमीटरची फट मिटवता येऊ नये, याचे मला आजही नवल वाटते.

येथे मात्र मला माझे मत थोडे दुरुस्त केले पाहिजे. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास लक्षात आले की निम्मा दोष माझा होता. शिजवलेले मिश्रण कोमट झाले की मी उतावळेपणाने ओतत असे. त्यामुळे भांड्याचा बराचसा थंडावा ते गार करण्यातच खर्ची पडे. आता मिश्रण रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो, भांडे उणे १८ अंशांवर पूर्ण २४ तास ठेवतो, कानाशी हलवून आत द्रव डुचमळत नाही याची खात्री करतो आणि मुख्य म्हणजे पाते आधी सुरू करून मगच मिश्रणाची धार सोडतो. एवढ्याने थर ६० ग्रॅमवर आला. लिंबाच्या सॉर्बेने (दूध न घालता रस आणि साखर गोठवून केलेल्या आइस्क्रीमने) मात्र दाद दिली नाही, तेव्हा त्यातल्या साखरेचा चौथा हिस्सा काढून तेवढीच ग्लुकोज पावडर घातली. वजनास वजन धरले तर ग्लुकोज गोठणबिंदू साखरेच्या जवळजवळ दुप्पट खाली आणते आणि गोडी मात्र कमी देते. त्यानंतर तो थर निदान स्पॅच्युलाने निघू लागला.

आइस्क्रीममध्ये किंवा त्यावर घालायच्या सॉसच्या बाबतीत यंत्राला दोष देता येणार नाही. स्ट्रॉबेरीत जवळपास ९० टक्के पाणीच असल्यामुळे नुसत्या फोडी आइस्क्रीममध्ये खडे होतात. साखर घालून, पळीवरून जाड धार पडेपर्यंत आटवलेला सॉस मात्र गोठूनही मऊ राहतो. कॉर्नफ्लोअर लावून घट्ट केलेला सॉस एकदाच उरवून गोठवला होता. वितळल्यावर त्याला पाणी सुटले, तेव्हापासून तो नाद सोडला. चॉकलेट सॉसमध्ये खोबरेल तेल घातले, तर ते साधारण २४ अंशांखाली घट्ट होत असल्यामुळे आइस्क्रीमवर ओतताच काही क्षणांत कडक कवच तयार होते. घरातल्या मुलांना या संपूर्ण खटाटोपात फक्त तेवढेच आवडले.

थराचा निकाल शेवटी अनपेक्षितपणे लागला. एकदा उकरण्याचा कंटाळा येऊन भांडे तसेच फ्रिजमध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो तळाशी दाट, पिवळसर, काळ्या ठिपक्यांचा व्हॅनिला सॉस तयार! वास्तविक यात आश्चर्य करण्यासारखे काही नव्हते. अंड्याच्या बलकांचे जे कस्टर्ड आपण ८२ अंशांपर्यंत तापवून आइस्क्रीमसाठी करतो, तेच न गोठवता वाढले की त्याला सॉस म्हणतात. आता तो थर मी दुसऱ्या दिवशीच केकवर ओतून संपवतो. वाया काही जात नाही, तरीही फट ती फटच.

गळतीच्या तक्रारीवर सर्व्हिस सेंटरचे पहिले उत्तर असे आले की आतील भिंतीवर ओरखडे दिसत असल्याने हा वापरातील निष्काळजीपणा असून तो वॉरंटीत बसत नाही. ओरखडे माझेच होते, हे मान्य आहे; पहिल्या महिन्यात दोनदा चमचा चालवला होता. पण ओरखडे आतल्या भिंतीवर, वरच्या भागात, आणि गळती बाहेरून, बुडाच्या सांध्यातून. हे मी चार ईमेल, सहा छायाचित्रे आणि दोन फोन करून समजावले. पाचव्या ईमेलमध्ये मी चमचा का चालवावा लागला हे फटीच्या मापासह लिहिले, तेव्हा फटीबद्दल चकार शब्द न काढता त्यांनी भांडे बदलून देण्याचे मान्य केले.

नवे भांडे अठरा दिवसांनी आले आणि सोबत, न मागता, नवे पातेही आले. जुने भांडे ते परत घेऊन गेले, जुने पाते मात्र माझ्याकडेच राहिले आहे. दोन्ही पाती मी नव्या भांड्यात आलटून पालटून लावून पाहिली. जुन्याने थर ५८ ग्रॅम भरला आणि नव्याने ६१.