टँकर पालखीसारखा, जणू पालखी, की पालखीच?

परीक्षेत अलंकार ओळखणं सोपं असतं. ‘सारखा, सम, परी’ दिसलं की उपमा, ‘जणू, गमे, वाटे’ दिसलं की उत्प्रेक्षा, दोन्ही एकच मानलं की रूपक. स्वतःची कविता लिहिताना यातलं काय घ्यावं, इथं मात्र घोडं अडतं.

आपल्या मराठवाड्यातला पाणीटंचाईचा एप्रिल घ्या. ‘टँकर पालखीसारखा वेशीत आला.’ ही उपमा. टँकर उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करतो ते; पालखी उपमान, म्हणजे ज्याच्याशी करतो ते; आणि दोघं शेवटपर्यंत वेगळेच. कविसंमेलनात ओळ एकदाच कानावर पडते, तिथं उपमा लगेच पोचते. फक्त कवी सारखा मध्ये उभा राहून बोट दाखवतोय असं वाटत राहतं. ‘टँकर आला, जणू पालखीच शिरली’ ही उत्प्रेक्षा. क्षणभराच्या भासाला ठीक. कडव्याकडव्याला ‘जणू’ आलं की कान किटतात.

‘टँकरची पालखी वेशीत शिरली.’ आता रूपक झालं. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त उपमान-उपमेयाचा अभेद, म्हणजे दोन्ही एकच मानणं, हेच रूपकाचं लक्षण सांगितलंय. अभेद एकदा मानला की बाकीचं लटांबर मागून येतं: घागरी वारकरी, भांडण हाच गजर. असं अंगोपांगांसह चाललं की ते सांगरूपक, आणि त्यात मराठवाड्याचा हात धरणारा कोण? पैठणच्या एकनाथांच्या भारुडात काम-क्रोध विंचू होऊन चावतात, तर त्यावर उतारा सत्त्वगुणाच्या अंगाऱ्याचा. आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी 1290 च्या ज्ञानेश्वरीत आरंभीच शब्दब्रह्माचा, म्हणजे शब्दरूपी ब्रह्माचा, गणपती केला. सहा दर्शनं, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, त्याचे हात, तर्क परशू, वेदान्त मोदक. परशू छाटतो, तर्कही छाटतो; मोदक गोड, वेदान्तही महारसाचा. एकही जोडी ओढूनताणून नाही.

म्हणून सांगरूपक घेण्याआधी जोड्या कागदावर मांडून बघा. पालखीत पादुका असतात, टँकरमध्ये गढूळ पाणी. इथं भक्तिभाव मोडतो आणि उपरोध सुरू होतो. तो हवा असेल तर बिनधास्त पुढे जा, नको असेल तर एका ओळीच्या रूपकावर थांबा.

छापायची कविता असेल तर माझं मत रूपकालाच. भेगाळलेली जमीन आणि बापाच्या टाचा मात्र आता राहू द्या. ते रूपक वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय की त्यापेक्षा नुसतं ‘दोन दिवस टँकर आला नाही’ जास्त लागतं.