पावसातलं मिसिंग आणि उन्हातली ‘दुरुस्ती’

जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांनो, फक्त पावसात मिसिंग करणारी, म्हणजे प्लगची ठिणगी चुकून अडखळणारी गाडी म्हणजे लबाड गॅरेजवाल्यासाठी आयतं कुरण. ऊन पडलं की ती आपोआप बरी होते आणि त्या बरं होण्याचं बिल तो बिनदिक्कत तुमच्या नावावर फाडतो. मला असंच लुबाडलं गेलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझी दोन सीटर डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे एकाच फिरत्या यंत्रणेतून सगळ्या प्लगना वीज वाटण्याच्या जमान्यातली. कोरड्या हवेत कसलीच कुरकूर नाही. पाऊस लागला की मात्र चढावर अॅक्सिलरेटर दाबताच इंजिन धक्के मारायचं, सायलेन्सरमधून फटफट आवाज यायचा. आयडलिंगला ठीक, आणि इंजिन चांगलं तापलं की पुन्हा सुरळीत. या लक्षणांवर पहिला संशय घ्यायचा तो कॉइल (व्होल्टेज वाढवणारी), डिस्ट्रिब्युटर कॅप (त्याचं झाकण), रोटर (आतला फिरता तुकडा) आणि प्लग वायरींवर. तिथून हजारो व्होल्ट धावतात. वायरीचं आवरण वयोमानाने चिरलं आणि त्यात ओल शिरली, की करंटला इंजिनच्या धातूकडे जवळची वाट सापडते आणि प्लगवर ठिणगीच पडत नाही. लोड वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून बोंब नेमकी चढावर.

गॅरेजवाल्याचं निदान वेगळंच. “साहेब, फ्युएल पंप गेलाय, इंजेक्टर चोक आहेत आणि ईसीयूत पाणी गेलंय.” यातलं शेवटचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये पाणी जाणं, अगदीच अशक्य नसतं, म्हणूनच ते खपतं. पण बाहेर पाऊस आहे की ऊन, हे टाकीतल्या पंपाला कसं कळणार? मी प्लग वायरींचं विचारलं, तर त्याने मल्टिमीटर आणून एकेका वायरीचं रीडिंग माझ्यासमोर घेतलं. “बघा, सगळ्या ओके.”

आकडे खरे होते, फसवणूक त्यांच्या अर्थात होती. मल्टिमीटर वायरीच्या आतल्या गाभ्याचा रेझिस्टन्स मोजतो, तोही स्वतःच्या छोट्या बॅटरीच्या किरकोळ व्होल्टेजवर. बाहेरच्या आवरणातून उच्च दाबाचा करंट गळतो का, हे त्याला दिसतच नाही. रीडिंग बिघडलेलं असेल तर वायर नक्की बाद; पण रीडिंग चांगलं म्हणजे वायर चांगली, असं नाही.

गाडी परत मिळाली ती कडक उन्हात. पळाली झकास. बॉनेटखाली रॉकेलसारखा वास आणि वायरींवर तेलकट चकाकी होती. पाणी हटवणारा स्प्रे मारला की मिसिंग काही काळ दबतं, मग थर उडून जातो. पुढच्या पावसात गाडी पुन्हा तशीच.

दुसऱ्या मेकॅनिकने खर्चिक असं काहीच केलं नाही. अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून वायरींवर साध्या फवाऱ्याच्या बाटलीतून पाण्याचे बारीक तुषार मारले. (हात लांब ठेवा; हा झटका चेष्टेचा नसतो.) एका वायरीवरून सिलिंडर हेडकडे निळसर ठिणग्या तडतडायला लागल्या आणि इंजिन लगेच अडखळलं. कॅप उघडली तर आत दोन टोकांमध्ये केसाएवढी काळी रेघ. करंट पुनःपुन्हा घसरून तिथे कार्बन धरतो आणि मग ती रेघच वाट बनते. पुसून ती कायमची जात नाही. कॅप, रोटर, वायरी आणि प्लग बदलले, गाडी पावसात चालली. त्याने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही (धूर शुद्ध करणारा, सायलेन्सरच्या वाटेवरचा डबा) तपासायला लावला, कारण न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. सुदैवाने तो शाबूत होता.

मग आम्ही पहिल्या गॅरेजवाल्याने बिलात लावलेला तो ‘नवा’ पंप पाहिला. झाकणाच्या स्क्रूवर जुना गंज तसाच, खाचेत मातीही वाळलेली. तिथे कुणी पाना किंवा स्क्रूड्रायव्हर लावलाच नव्हता. हात लावण्याआधी फोटो काढले.

पहिल्या गॅरेजवाल्याकडे जाऊन काढलेले पार्ट मागितले. “भंगारात गेले, साहेब. जुन्या गाडीत एक नीट केलं की दुसरं निघतंच.” हे वाक्य असं सफाईदार आलं की मी पहिला नसणार. फोटो पुढे ठेवल्यावर पंपाचे पैसे मुकाट परत केले. इंजेक्टर आणि ईसीयूचं मात्र तो अजून म्हणतो की फक्त सर्व्हिस केली होती. बिलावर दोन्हींपुढे त्याच्याच अक्षरात ‘नवीन’ लिहिलंय, आणि उरलेल्या पैशांची माझी मागणी त्या बिलाच्या आधारावरच चालू आहे.