जादा फंक्शन बटणांचा कीबोर्ड: दिवाळीपासूनचा अनुभव

गेल्या आठवड्यात 'र'चं बटण डबल उमटायला लागलं. प्रत्येक दस्तात 'खररेदीखत'! एम.जी. रोडला जिथून घेतला तिथे नेला, तर म्हणे मुंबईला पाठवावा लागेल, तीन आठवडे लागतील आणि कुरिअरचा खर्च तुमचा. वॉरंटी चालू असताना कुरिअर माझ्या खिशातून का म्हणून? तसाच परत आणला. बटणांखालचे स्विच हॉट-स्वॅप, म्हणजे नुसते उपटून बदलता येणारे आहेत, सोल्डरिंग लागत नाही. बॉक्समधल्या चिमट्याने खराब स्विच उपटला, सोबत आलेला जादाचा दाबून बसवला, झालं काम. एवढंसं काम दुकानात का होऊ नये, याचा राग अजून गेलेला नाही.

पण कीबोर्ड सोडवत नाही, तो डावीकडच्या दहा बटणांमुळे. १९८१ च्या आयबीएम पीसीला एफ-१ ते एफ-१० अशीच डावीकडे दोन रांगांत होती. माझं काम दस्त टाइप करण्याचं. 'तुकडी जिल्हा नाशिक, पोटतुकडी तालुका निफाड' इथपासून 'कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसा जे' इथपर्यंत तीच वाक्यं दिवसभर. ती एका बटणावर यावीत म्हणूनच जास्तीचे पैसे मोजले.

सुरुवातीला पैसे पाण्यात गेले असंच वाटलं. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कोणतं बटण दाबलं तेवढंच कळवतो. अक्षर कॉम्प्युटर ठरवतो. मॅक्रोत, म्हणजे एका बटणावर साठवलेल्या बटणांच्या क्रमात, इंग्रजी स्पेलिंगने नाशिक भरलं आणि भाषा इनस्क्रिप्टवर (मराठी टायपिंगच्या कीबोर्ड मांडणीवर) असली की कागदावर 'लोेपगक'. मराठी मजकुराच्या मॅक्रोचं उलटं: पॅन नंबरसाठी इंग्रजीवर गेलो आणि परत यायचं राहिलं, की सगळा कचरा.

मत बदललं ते एफ-१३ मुळे. विंडोज एफ-२४ पर्यंतची बटणं ओळखतं, पण साध्या कीबोर्डवर ती नसतात, त्यामुळे प्रोग्रामही सहसा ती वापरत नाहीत. दहाही बटणांवर एफ-१३ ते एफ-२२ नेमले आणि वाक्यं ऑटोहॉटकी नावाच्या विंडोजवरच्या प्रोग्राममध्ये भरली. बटण दाबलं की तो ठरलेलं वाक्य टाकतो. तो फुकट आहे, आणि युनिकोड मजकूर, म्हणजे तयार मराठी अक्षरंच, थेट टाकतो, भाषा कोणतीही चालू असो. आता चतुःसीमेचा अख्खा साचा एका बटणावर येतो: पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. फक्त नावं भरायची. संध्याकाळी मनगट दुखायचं, ते खूपच कमी झालंय.

तक्रारी आहेतच. जादा बटणांवर काहीच छापलेलं नाही, मी चिकटपट्ट्या लावल्यात. रुंदी वाढल्याने माउसला जागा उरत नाही. दिवे कशाला दिलेत देव जाणे, पहिल्याच दिवशी बंद केले.

कृतिदेववाल्यांना मात्र ऑटोहॉटकीची गरज नाही. तो फॉन्ट इंग्रजी बटणांवरच बसवलेला आहे, त्यामुळे कीबोर्डमधला मॅक्रो बहुतेक मजकुराला सरळ चालतो. घेताना एवढं नक्की विचारा: कोणत्या बटणाला काय नेमलंय ते कीबोर्डच्या स्वतःच्या मेमरीत राहतं का? कंपनीचं सॉफ्टवेअर कायम चालू ठेवावं लागत असेल, तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.