मंडप आणि क्रूस: आयुष्य कशाला बांधायचं?

गेल्या महिन्यात माझा भाचा घरी आला. चहा संपला तरी उठेना, तेव्हाच ओळखलं की काहीतरी विचारायचंय. आमच्या भागातल्या एका साहेबांच्या ऑफिसात तो दोन वर्षं जातोय. आता साहेबांनी त्याला पूर्णवेळ बोलावलंय. पगार बरा आहे, फिरायला गाडी मिळेल, पुढेमागे वॉर्डातून तिकिटाचीही आशा. अट एकच, आठवड्याचे सातही दिवस द्यायचे. रविवार तर हवाच, कारण उद्घाटनं, मेळावे, लग्नं, बारशी सगळी रविवारीच असतात. आणि रविवारी सकाळी हा पोरगा चर्चमध्ये पाचवी-सहावीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो.

"मामा, दोन्ही नाही जमणार. काय करू?"

त्याला लगेच उत्तर दिलं नाही. घाईत दिलेला सल्ला मामाच्या तोंडी शोभतो, पण भाच्याच्या कामाला येत नाही. चार दिवस विचार करून जे सुचलं ते इथे मांडतोय. चरईत, माजिवड्यात, ऐरोलीत, वाशीत अशा पेचात पडलेली बरीच ख्रिस्ती पोरं मी पाहतो, त्यांनाही उपयोग होईल.

आधी साहेबांची बाजू

ती खरी आहे, म्हणून आधी. सत्ता म्हणजे नुसता मिरवण्याचा मामला नव्हे. सोसायटीत तीन दिवस पाणी नव्हतं तेव्हा टँकर साहेबांच्या फोनवरून आला. शेजारच्या काकांना रात्री दोन वाजता हॉस्पिटलात बेड मिळाला, तोही माझ्या भाच्याने ऑफिसातून लावलेल्या एका फोनमुळे. ही लोकसेवाच आहे, आणि ख्रिस्ती माणसाने तिला नाक मुरडू नये. येशूचा प्रेषित पौल याने रोमच्या ख्रिस्ती मंडळीला 'अधिकाऱ्यांचा मान राखा' असं लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. तेव्हा साहेब वाईट आणि चर्च चांगलं, अशी ही तुलना नाही. प्रश्न एवढाच की दोघांपैकी कोण किती भार पेलतं.

टिकतं किती

याचं उत्तर शोधायला ठाण्याबाहेर जायची गरज नाही. आपल्या कोकणात शिलाहारांच्या काळातले गद्धेगळ सापडतात. दगडावर वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढव. अर्थ असा की चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालेल, मोडेल त्याला खालची शिवी लागेल. हे ठाणं त्यांचं श्रीस्थानक, त्यांची राजधानी. त्यांचा शेवटचा राजा सोमेश्वर 1265 च्या सुमारास महादेव यादवाशी लढताना समुद्रात बुडाला. पुढे पन्नास-पंचावन्न वर्षांत यादवही संपले. चंद्र-सूर्य वर आहेतच, दगडावर आणि आकाशातही.

आता सेंट्रल जेलची भिंत बघा. रोज तिच्या कडेने रिक्षा जातात, कोणी मान वर करत नाही. पोर्तुगीजांनी 1730 च्या सुमारास हा किल्ला बांधायला घेतला. 1737 ला तो मराठ्यांनी घेतला, 1774 ला इंग्रजांनी. त्रिंबकजी डेंगळे 1816 मध्ये इथूनच निसटले, आणि 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना इथेच फाशी झाली. ज्या इंग्रजी राज्याने फाशी दिली तेही गेलं. तीन राज्यांना पुरून उरलेली ती भिंत आज कैदी सांभाळते.

याच ठाण्यात 1321 च्या एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट घडली, जी आपल्यातल्या फारच थोड्यांना ठाऊक आहे. चीनला निघालेले चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघाचे) संन्यासी इथे उतरले होते: तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. तेव्हा ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती, त्यातल्या एका घरी त्यांचा मुक्काम होता. काझी आणि मलिक म्हणजे इथला सुभेदार, यांच्यासमोर त्यांना उभं केलं गेलं, श्रद्धा सोडायला ते तयार झाले नाहीत आणि मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डनस याने देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे ओडोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी पार चीनपर्यंत घेऊन गेला.

ज्या मलिकाच्या शब्दावर चार माणसं मेली त्याचं नाव आज या शहरात कोणी सांगेल का? चौघांची नावं मी वर लिहिली, सातशे वर्षांनी, मराठीत. तेव्हा दिल्लीला घियासुद्दीन तुघलक होता. चार वर्षांनी, 1325 मध्ये, त्याच्या स्वागतासाठी उभारलेला लाकडी मंडप अंगावर कोसळून तो गेला. ठाण्यात आठवड्याला दोन तरी मंडप उभे राहतात, म्हणून हे सांगितलं.

पण वसईचं काय?

हा प्रश्न भाच्यानेच विचारला, आणि बरोबर विचारला. वसईत तर पोर्तुगीजांच्या काळी चर्च आणि राज्य हातात हात घालून होते. 1534 पासून 1739 पर्यंत दोनशे पाच वर्षं. कोटाच्या आत आजही भिंती उभ्या आहेत, आत झाडं वाढलीत, वर छप्पर नाही. चिमाजीअप्पांनी मे 1739 मध्ये वसई घेतली, त्याचा अभिमान मला मराठी माणूस म्हणून आहे आणि तो लपवायचं काही कारण नाही. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर त्या अजून टांगलेल्या आहेत.

तुलनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट मला इथेच सापडते. श्रद्धेने तलवारीचा आसरा घेतला तेव्हा तलवारीबरोबर तीही बदनाम झाली. गोव्यात 1560 ते 1812 पर्यंत चाललेलं इन्क्विझिशन, म्हणजे लोकांची श्रद्धा तपासून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, हा आमच्या घरातला डाग आहे, पुसून पुसला जाणार नाही. वसईत राज्य गेल्यावर कोटाबाहेर राहिलं काय? सैन्य नाही, गव्हर्नर नाही, छप्पर असलेली कॅथेड्रलही नाही. केळीच्या बागांतली घरं राहिली, आणि त्या घरांत संध्याकाळची रोझरी, माळेचे मणी ओढत म्हणायची प्रार्थना. माझी आजी तिकडचीच, चर्चला शेवटपर्यंत देऊळच म्हणायची. पोर्तुगीज गेल्यावर श्रद्धाही जायची असती तर 1739 मध्येच गेली असती. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत (बिशपच्या हाताखालचा विभाग) झाला, तो कुठल्या राजाच्या फर्मानाने नव्हे.

आणि वसईचाच एक मुलगा, गोन्सालो गार्सिया. वडील पोर्तुगीज, आई इथली. तो जपानात पोहोचला, आधी व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन झाला. हिदेयोशी तेव्हा जपानचा सर्वेसर्वा. त्याच्या हुकमाने 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यात आपला गोन्सालो. दीड वर्षात हिदेयोशी स्वतः मेला. 1615 मध्ये ओसाकाचा किल्ला पडला आणि त्याचा वंशही संपला. पण ख्रिस्ती धर्मावरची बंदी पुढच्या सत्ताधीशांनी आणखी घट्ट केली. फादर नाही, चर्च नाही, मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना नाही. पकडलं तर मरण.

1862 मध्ये रोममध्ये त्या सव्वीसांना संतपद मिळालं. नागासाकीत परदेशी लोकांसाठी एक चर्च बांधलं गेलं, ओउरा, आणि ते याच सव्वीस हुतात्म्यांना वाहिलेलं. 17 मार्च 1865 रोजी उराकामी गावची काही शेतकरी माणसं दाराशी येऊन उभी राहिली. फादर पेतिजाँ प्रार्थनेला गुडघ्यावर बसले तेव्हा एक बाई जवळ आली आणि हळूच म्हणाली की तुमच्या मनात जे आहे तेच आमच्याही मनात आहे. मग तिने विचारलं, मरियामातेची मूर्ती कुठे आहे? अडीचशे वर्षं, सात-आठ पिढ्या, आईने मुलाला कानात सांगत सांगत हे जपलं होतं. मी हे भाच्याला सांगत होतो तेव्हा माझाच आवाज बसला.

कुठल्या साहेबांचा कार्यकर्ता साहेब गेल्यावर अडीचशे वर्षं थांबेल?

महाराजांना विसरलास का, मामा?

नाही विसरलो. मराठी माणूस ही तुलना करायला बसला आणि शिवाजी महाराजांपाशी थांबला नाही, तर ती तुलना खोटी. त्यांचं नाव साडेतीनशे वर्षांनी घराघरांत आहे. पण काय टिकलं ते नीट बघावं. बखरीतलं बत्तीस मण सोन्याचं सिंहासन कुठे गेलं, कोणी सांगू शकत नाही. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी रायगडावर आग लागली, आता वर जोती आहेत आणि वारा आहे. टिकलं ते रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका हे बजावणं, आणि त्यातून आलेली माया. महाराज सिंहासनामुळे मोठे नव्हते.

तरीही एक फरक राहतो, आणि तो मी श्रद्धेने सांगतो. महाराजांचं आपण स्मरण करतो. ख्रिस्ताशी आपण बोलतो, आज सकाळीसुद्धा. आमच्या श्रद्धेचा सगळा दावा या एका गोष्टीवर उभा आहे की तो थडग्यात राहिला नाही. हे ज्याला पटत नाही त्याला ही तुलना इथून पुढे पटणार नाही, आणि ते मला मान्य आहे. पण ज्याला पटतं त्याने हे इतिहासाच्या कपाटात ठेवून चालत नाही.

दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीत, आम्ही पोंती पिलाताचं नाव घेतो. यहूदियाचा रोमन सुभेदार, ज्याच्या सहीने येशूला क्रूस मिळाला. 1961 मध्ये कैसरियाच्या उत्खननात त्याचं नाव कोरलेला दगड सापडला, तेव्हा पुरातत्त्ववाल्यांना केवढा आनंद झाला. जगाला त्याचं नाव पाठ आहे ते त्याने ज्याला मारायला दिलं त्याच्यामुळे.

मागतात काय, देतात काय

साहेब मागतात फोन कायम चालू आणि निष्ठा. मागच्या वेळी साहेबांनी पक्ष बदलला तेव्हा माझा भाचा बाइकच्या टाकीवरचं जुनं स्टिकर ब्लेडने खरवडत बसला होता. नवं चिकटवलं, पण कडेला जुन्या गोंदाचा पिवळा पट्टा अजून दिसतो. त्या दिवशी त्याला कोणी विचारलं नव्हतं की तुला पटलं का.

ख्रिस्त कमी मागतो असं मात्र कोणी सांगू नये. तो जास्तच मागतो. गोन्सालोकडून काय मागितलं ते वर आलंच. वर्गात बारा पोरं, त्यातली तीन पेंगत असतात, पगार नाही, फोटो नाही. वर शत्रूवर प्रेम कर म्हणतो, आणि ऑफिसात समोरच्या गटाच्या पोराशी हात मिळवला तरी लोक संशय घेतात. सोपं म्हणून श्रद्धा निवडणारा दुसऱ्याच महिन्यात थकेल.

देण्याचं बोलायचं तर मला भाच्याच्या वडिलांचे दिवस आठवतात. माझे मेहुणे गेले तेव्हा साहेब आले होते. मनापासून आले होते, दहा मिनिटं बसले, बहिणीच्या हातात हात दिला. त्यांचं मला आजही बरं वाटतं. पण नऊ दिवस संध्याकाळी रोझरी म्हणायला आल्या त्या आमच्या पॅरिशमधल्या, म्हणजे चर्चच्या भागातल्या, सहा-सात म्हाताऱ्या. त्यातल्या एकीचे गुडघे इतके धरले होते की तिला दोघींनी धरून जिन्याने वर आणायचं. महिन्याच्या मिस्सेला त्याच, वर्षाच्या मिस्सेलाही त्याच. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, कबरस्तानात आम्ही पोहोचायच्या आधी कोणीतरी मेहुण्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावून गेलेलं असतं. अजून कळलेलं नाही कोण ते.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे यरुशलेममध्ये येशूचं झावळ्यांनी स्वागत झालं त्या आठवणीच्या दिवशी, आणलेली झावळ बहिणीने त्यांच्या फोटोमागे खोचून ठेवली आहे. ती वाळली की चर्चमध्ये परत देतात, तिथे जाळतात, आणि राखेच्या बुधवारी तीच राख कपाळावर येते. राजाच्या स्वागताला हलवलेली पानं वर्षभरात राख होतात, आणि ते आम्हाला दरवर्षी अंगावर घेऊन आठवावं लागतं. साहेबांच्या स्वागताची फुलं संध्याकाळी मंडपवाला झाडून नेतो, ती कोणी कपाळाला लावत नाही.

मी काय सांगितलं

सोमवार ते शनिवार काम कर. मन लावून कर, टँकर आण, बेड मिळवून दे, खोटं बिल मात्र लिहू नकोस. रविवारी सकाळी अकरापर्यंत मी नाही, हे साहेबांना तोंडावर सांग, निरोप पाठवून नको. साहेब समंजस असतील तर मानतील. नाही मानले तर ऑफिस सोड, कारण जिथे देवाला दोन तास मिळत नाहीत तिथे उद्या तुलाही मिळणार नाहीत. तिकिटाच्या आशेवर मुळीच थांबू नकोस. आपल्याच ओळखीतले किती जण त्या आशेवर म्हातारे झाले ते तू पाहिलंयस.

त्याने मान डोलावली नाही, नाहीही म्हटलं नाही. परवा बहिणीचा फोन आला, साहेबांशी तो बोलला म्हणे, साहेबांनी विचार करून सांगतो म्हटलंय. या रविवारी वर्गात बायबलमधल्या दानिएलचा धडा आहे. राजाच्या स्वप्नातला तो पुतळा, सोन्याचं डोकं आणि मातीचे पाय, काढायला त्याने पोरांना खडू आणि जुने पुठ्ठे घेऊन यायला सांगितलंय.