सोअर्बी की डेव्हिडसन? व्हिक्टोरियन प्रेस्ड ग्लासची पहिली खरेदी

ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ साली उठला. वितळलेली काच साच्यात दाबून नक्षीदार भांडी करण्याचं, म्हणजेच ‘प्रेस्ड ग्लास’चं तंत्र तोवर आलेलंच होतं, त्यामुळे पैलू पाडलेली महागडी काच ज्यांना परवडत नव्हती त्यांच्याही दिवाणखान्यात फुलदाण्या आल्या. आज इंग्लंडच्या जुन्या बाजारात पहिलं भांडं शोधायला निघालात, तर दोन नावं हमखास समोर येतात: सोअर्बी आणि डेव्हिडसन. दोन्ही कारखाने ईशान्य इंग्लंडमधल्या गेट्सहेडचेच.

सोअर्बीची ओळख म्हणजे १८७७ मध्ये आलेली, चिनी मातीसारखी दिसणारी अपारदर्शक काच. पांढरी, फिरोजी, हस्तिदंती. त्यात चित्रकार वॉल्टर क्रेन यांच्या बालगीतांच्या चित्रांवरून घडवलेल्या छोट्या फुलदाण्या आहेत. तळहातावर मावेल एवढ्या जागेत उठावाची माणसं, कपड्यांच्या चुण्यांसकट! शिवाय १८७६ पासून बऱ्याच वस्तूंवर मोराच्या डोक्याचा छोटा उठावदार शिक्का असतो. नवख्याला याचा आधार फार मोठा.

डेव्हिडसनची ‘पर्लाइन’ १८८९ ची. निळी किंवा फिकट पिवळी पारदर्शक काच, आणि कडेकडे जाताना दुधाळ होत जाणारा रंग. हा थर वरून चढवलेला नसतो. भांडं पुन्हा तापवलं की कडेची काच स्वतःच दुधाळते. पिवळीत युरेनियम असतं, त्यामुळे अतिनील टॉर्चखाली ती हिरवीगार चमकते. पण तेवढ्यावरून ती डेव्हिडसनचीच ठरत नाही, असली काच इतरांनीही केली.

तळाशी पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण दिसली तर नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ मधली. ‘आरडी’ (Rd, म्हणजे ‘रजिस्टर्ड’) आणि पुढे क्रमांक असेल तर १८८४ किंवा त्यानंतरची. ही तारीख नक्षीची. भांडं नंतरही घडलेलं असू शकतं.

कपाटात मांडायचं असेल आणि अस्सलपणाची खात्री हवी असेल, तर मी डोळे झाकून सोअर्बी सांगेन. खिडकीत ठेवणार असाल तर मात्र पर्लाइनच घ्या, कारण मागून उजेड आल्याशिवाय तिचं सौंदर्य कळत नाही. फक्त तिच्या नागमोडी कडेवरून बोट हलकेच फिरवून पाहा. टवके तिथेच उडतात आणि दुधाळ रंगात ते चटकन दिसत नाहीत. साच्याच्या सांध्याची रेघ लागली तर तो दोष समजू नका.