डॅश शेल: काही महिने सर्व्हरवर वापरल्यानंतर

सेंटओएस ७ या लिनक्सची मुदत जून २०२४ मध्ये संपली आणि आमचे सर्व्हर डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर आले. तिथे /बिन/एसएच, म्हणजे स्क्रिप्टमधल्या कमांड वाचून चालवणारा शेल, बॅश नाही, डॅश आहे. जुन्या स्टार्टअप स्क्रिप्ट पहिल्या ओळीत एसएच लिहून आत बिनधास्त फक्त बॅशला कळणाऱ्या गोष्टी वापरत होत्या. सेंटओएसवर एसएच हे बॅशचंच दुसरं नाव, त्यामुळे इतकी वर्षं सगळं खपून गेलं.

सरळ एरर येते तिथे काही त्रास नाही. डोकं खातात त्या मुकाट्याने बिघडणाऱ्या ओळी. एका स्क्रिप्टच्या शेवटी आउटपुट लॉगमध्ये वळवायला &> होतं. डॅश त्यातला & वेगळा वाचतो: प्रोग्रॅम बॅकग्राउंडला टाकतो आणि लॉग फाइल रिकामी करून ठेवतो. स्क्रिप्ट संपते, एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘सगळं ठीक’. मग सिस्टमडी (सर्व्हिस चालू-बंद करणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) सर्व्हिस संपली असं धरून मागे राहिलेला प्रोग्रॅमही मारून टाकतो. स्टेटसमध्ये ‘फेल्ड’ नाही, लॉग कोरा, ॲप बंद. शोधा आता! तिथे > लॉग 2>&1 असं लिहिलं की काम झालं.

बॅशमध्ये अट तपासायच्या दुहेरी चौकटी कंसाचंही तेच. डॅशला [[ ही कमांड सापडत नाही, कोड १२७ येतो, पण इफमध्ये असल्यामुळे त्याचा अर्थ ‘खोटं’ एवढाच होतो. सेट -ई (कमांड फसली की थांब) लावूनही स्क्रिप्ट थांबत नाही, निमूट एल्समध्ये जाते. डॅश -एन ने (स्क्रिप्ट न चालवता नुसती वाचून) तपासलं तर दोन्ही ओळी पास! पकडतं ते डेव्हस्क्रिप्ट्स पॅकेजमधलं चेकबॅशिझम्स हे टूल. आता ते चालवल्याशिवाय आम्ही एकही स्क्रिप्ट सर्व्हरवर टाकत नाही.

वेगाबद्दल फार ऐकलं होतं. उबुंटूने २००६ मध्ये ६.१० पासून डॅश घेतला तो बूट लवकर व्हावा म्हणूनच. तेव्हा बूट म्हणजे शेल स्क्रिप्टची रांगच असायची. आज बरंचसं काम सिस्टमडी स्वतः करतो, मला तरी फरक जाणवला नाही. मला डॅश आवडला तो कडक आहे म्हणून. त्यावर चाललेली स्क्रिप्ट अल्पाइन लिनक्सच्या बिझीबॉक्स शेलवरही सहसा चालते.

लॉगिन शेल (स्वतः बसून कमांड टाइप करायचा) म्हणून मात्र नको रे बाबा. वरचा बाण दाबला की मागची कमांड येण्याऐवजी ^[[A उमटतं. लॉगिनला बॅशच ठेवलाय. आणि ज्या स्क्रिप्टमध्ये ॲरे (डॅशला न कळणाऱ्या याद्या) आहेत त्यांच्या पहिल्या ओळीत सरळ बॅश लिहून टाकलं, त्या पुन्हा लिहीत बसलो नाही.