आजी, बाई की पाळणाघर? बाळंतपणाची रजा संपताना काय ठरवायचं

रजा संपत आली की घरात दुसरा विषयच नसतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा मिळते हे खरं, पण त्यातले आठ आठवडे डिलिव्हरीच्या आधीच गेले असतील तर कामावर परत जाताना बाळ जेमतेम चार महिन्यांचं असतं आणि अजून फक्त दुधावर असतं. त्यामुळे मी तरी पहिला प्रश्न हाच विचारीन की काढून ठेवलेलं दूध कोण नीट सांभाळेल. फ्रीजमध्ये ते चार दिवस टिकतं, बाहेर २५ अंशांपर्यंत चारच तास, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीत २५ अंश असतात कुठे!

आजी असेल, तिची मनापासून तयारी असेल तर पहिल्या वर्षासाठी मला तीच सगळ्यात बरी वाटते. अंगाईगीतं, चिऊकाऊच्या गोष्टी, मऊ भात भरवायची चिकाटी, हे पैसे देऊन मिळत नाही. पण तिचे गुडघे, तिचा बीपी, तिचं दुपारचं भजनी मंडळ हेही बघायला हवं, दिवसभर रांगणाऱ्या पोराच्या मागे धावणं साठीनंतर खरंच जड जातं. आणि काही गोष्टी आधीच प्रेमाने बोलून घ्या: वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही (त्यातून बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो), डोळ्यात काजळ नको, सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नको, मोबाईल दाखवून भरवणं नको. हे सासूबाईंना सुनेने सांगण्यापेक्षा मुलाने सांगावं, निम्मे वाद तिथेच मिटतात.

बाई ठेवली तर बाळ स्वतःच्या घरात राहतं, झोपेचं वेळापत्रक मोडत नाही. अडचण एकच आणि मोठी, ती गावी गेली, आजारी पडली की त्या दिवशी तुमच्याकडे दुसरं कुणीच नसतं. ब्युरोकडून घ्या नाहीतर ओळखीतून, पोलीस व्हेरिफिकेशन कराच, कॅमेरा लावणार असाल तर तिला सांगून लावा, आठवड्याची सुट्टी आणि भरपगारी रजा द्या, कारण आपण जे ऑफिसकडून मागतो ते तिलाही मिळायलाच हवं. घरात आजी बसून आणि धावपळीला बाई, ही जोडी जमली तर मग काय बघायलाच नको.

पाळणाघराचं बलस्थान म्हणजे ते एका माणसावर अवलंबून नसतं. शिवाय दीड-दोन वर्षांची मुलं एकमेकांचं बघून पोळीभाजी खायला लागतात, जे घरी तासभर मागे लागून होत नाही. पण पहिले काही महिने सर्दी, ताप, जुलाब चालूच राहतात आणि ताप असलेलं मूल कुणी घेत नाही, तेव्हा आई-बाबांनी रजा वाटून घ्यायची तयारी ठेवावी लागते. बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं बघू नका, एका ताईकडे किती मुलं आहेत ते मोजा, आणि झोपेच्या वेळी न सांगता जाऊन बघा, मुलं कुठे आणि कुणाच्या नजरेखाली झोपतात. वर्षाच्या आतली तीनपेक्षा जास्त बाळं एकीकडे असतील तर मी नाही ठेवणार. पाळणाघर घराजवळ असलेलं बरं, म्हणजे दोघांपैकी कुणीही आणू शकतं. पण तुमच्या कंपनीत ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय देणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे आणि दिवसातून चारदा बाळाकडे जाता येतं, त्यामुळे अंगावर पाजत असाल तर एचआरला आधी विचारा.

तर आजी असेल तर दीड वर्षापर्यंत आजी आणि बाई, पुढे अर्धा दिवस पाळणाघर. आजी नसेल तर एकट्या बाईवर सोडण्यापेक्षा मी चांगलं पाळणाघर घेईन. काहीही ठरवा, सुरुवात रजा संपायच्या आधी दोन आठवडे करा, पहिल्या दिवशी तासभर, मग दुपारच्या झोपेपर्यंत, आणि तिथल्या फॉर्मवर पहिला नंबर बाबाचा द्या.